धारूरची शिलाई आणि कृष्णाकाठच्या कोप्या

छत्रपती संभाजीनगरहून बीडला निघाले की आडूल, पाचोड मागे टाकून एसटी शहागडला गोदावरी ओलांडते. पुढे गेवराई लागते आणि मग बीड. सुमारे १३० किलोमीटरचा हा रस्ता आता चांगला रुंद झाला आहे. दिवाळी होऊन गेली होती. रस्त्यावर ट्रक आणि ट्रॅक्टर दिसत होते. त्यांत माणसे, गुंडाळलेल्या चटया, पाण्याच्या टाक्या, पत्र्याच्या पेट्या, एखादी शेळी आणि तिच्या शेजारी झोपलेली मुले. मराठवाड्यातल्या माणसाला हे काय आहे ते विचारावे लागत नाही. ऊसतोडीच्या टोळ्या निघाल्या होत्या.

आम्ही चार शिक्षिका होतो. दोघी उर्दू माध्यमाच्या, दोघी मराठी माध्यमाच्या. सातवी-आठवीच्या मुली दर महिन्याला ठरावीक तीन-चार दिवस का गैरहजर राहतात, हे हजेरीपटाकडे पाहिले की कुठल्याही शिक्षिकेला कळते. धारूरमध्ये काही महिला अशा मुलींसाठी धुऊन पुन्हा वापरता येणारे कापडी पॅड शिवतात, असे आमच्या कानावर आले होते. ते काम पाहायचे आणि जमल्यास शिकून घ्यायचे, एवढाच हेतू मनात होता.

बीडला उतरल्यावर आमच्यातल्या एका आपांनी खजाना विहीर पाहायचा आग्रह धरला. निजामशाहीच्या काळात बांधलेली ही गोल विहीर. तिच्या तळातून भुयारी कालवे निघतात आणि पाणी आपोआप लांबवरच्या शेतांपर्यंत वाहत जाते. साडेचारशे वर्षांपूर्वी ज्या जिल्ह्यात पाण्याचा इतका विचार झाला होता, तिथली माणसे आज पाऊस नाही म्हणून दुसऱ्याच्या उसात जातात. विहिरीच्या काठावर यावर आम्ही फार बोललो नाही, पण पुढचे चार दिवस पाण्याची गोष्ट आमचा पिच्छा सोडणार नव्हती.

घाट, किल्ला आणि मशीनचा आवाज

वडवणी, तेलगाव करत गाडी धारूरच्या घाटाला लागते. बालाघाटाचे हे डोंगर नोव्हेंबरातही हिरवट असतात आणि दोन्ही बाजूंना सीताफळाची झाडे दिसतात. बीडच्या सीताफळाला भौगोलिक मानांकन मिळाले आहे. ही झाडे खडकातून, विनापाण्याची येतात. वर धारूरचा किल्ला आहे. आदिलशाहीच्या काळात, १५६७ मध्ये किश्वर खानाने तो बांधला. आत पाण्याचे साठे आहेत, तटबंदी बरीचशी शाबूत आहे. पण आम्हाला जायचे होते गावातल्या एका गल्लीत. पत्ता सापडायला वेळ लागला नाही. शिलाई मशीनचा आवाज आधी आला, घर नंतर दिसले.

एका मोठ्या खोलीत पाच मशीन, जमिनीवर सतरंजी आणि कापडाचे गठ्ठे. नऊ जणींचा बचत गट आहे. सहा मुस्लिम, तिघी इतर समाजाच्या. पूर्वी त्या शाळेचे गणवेश, परकर आणि पिशव्या शिवत. साठीच्या घरातल्या एका बाईंना सगळ्या ‘खाला’ म्हणतात. कापड बेतण्याची कात्री त्यांच्याच हातात असते.

गटाने हे काम का घेतले, हे खालांनी थोडक्यात सांगितले. गावोगावच्या हंगामी वसतिगृहांत ऊसतोड कामगारांची मुले राहतात. आई-बाप पाच-सहा महिने बाहेर, मुले आजीजवळ आणि वसतिगृहात. अशाच एका ठिकाणी स्वयंपाक करणारी बाई गटाकडे गणवेशाच्या कापडाच्या चिंध्या मागायला आली. कशाला, म्हणून विचारले तर आधी बोलेना. मग म्हणाली, पोरींना लागतात.

आम्ही विचारले, “घरात जुने लुगडे नसते का?” खाला हसल्या. “पुराने सूती लुगड़े अब कहाँ रहे बाजी? सब पॉलिस्टर हो गया. वो पानी बी नै पीता, खून क्या पीएगा?”

या एका वाक्याने आमच्या डोक्यातला मोठा गोंधळ दूर केला. कापड वापरणे म्हणजे मागासलेपण आणि बाजारातले पॅड म्हणजे सुधारणा, असे आपण सहज धरून चालतो. पण आपल्या आजी-नानींकडे जे होते, ते मऊ, वारंवार धुतलेले सुती कापड होते. ते शोषून घेत असे, उन्हात वाळत असे. आज गरिबाच्या घरात स्वस्त पॉलिस्टर साडी आणि नायलॉनची ओढणी असते. मुलीच्या हाती येते ते न शोषणारे, घासणारे कापड, तेही अपुरे. म्हणजे तिच्याकडे पॅडही नाही आणि धड कापडही नाही. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या पाचव्या फेरीत (२०१९-२१) १५ ते २४ वर्षांच्या जवळपास निम्म्या मुलींनी पाळीत कापड वापरत असल्याचे सांगितले आहे. त्यांतल्या अनेकजणी कापडाबरोबर बाजारातले पॅडही वापरतात. पण कापड सुटलेले नाही. ते कसले आहे आणि कसे धुतले-वाळवले जाते, हा खरा प्रश्न आहे.

पॅड कसा शिवतात

दुसरा दिवस आम्ही मशीनवर काढला. वाचक भगिनींपैकी पुष्कळजणींना शिवण येते, म्हणून हे जरा तपशीलाने लिहितो.

पहिले काम धुण्याचे. कोऱ्या सुती कापडाला खळ असते, ते पाणी धरत नाही. म्हणून बेतण्याआधी कापड दोन वेळा धुऊन वाळवतात. यामुळे ते आधीच आटून घेते आणि शिवल्यावर पॅड वाकडा होत नाही. मग पुठ्ठ्याचा फर्मा ठेवून कापड कापतात. अंगाला लागणारा थर मऊ फलालीनचा किंवा सुती होजिअरीचा. मधले शोषणारे थर जुन्या सुती चादरीचे किंवा टर्किश टॉवेलच्या कापडाचे. सगळ्यांत खाली एका बाजूने पातळ लेप असलेले, पाणी न झिरपणारे कापड. हे शहरातून मागवावे लागते आणि खर्चाचा मोठा भाग त्यातच जातो. दोन्ही बाजूंना पंख, पंखाला टिच बटण. रोजच्या वापराचा पॅड वीतभर, रात्रीचा त्याहून लांब.

यात एक खुबी आहे. खालच्या लेपाच्या कापडावर मधोमध शिलाई मारायची नाही. सुई जिथे जाते तिथे भोक पडते आणि नेमकी तिथूनच गळती होते. शोषणारे थर वरच्या कापडालाच शिवून घ्यायचे आणि लेपाचे कापड फक्त कडेने जोडायचे.

रंगावरून गटात वाद आहे. तरुण मुलींना गडद हवे असते, डाग दिसत नाही म्हणून. खालांचे म्हणणे, डाग दिसला तरच नीट धुतले गेले की नाही ते कळते. शेवटी तडजोड झाली आहे. वरचा थर फिका आणि बाहेरची बाजू गडद फुलाफुलांची, म्हणजे दोरीवर वाळत असताना तो कोणाच्या नजरेत भरत नाही.

वापरायचे नियम प्रत्येक पुडक्यात उर्दू आणि मराठी, दोन्ही भाषांत लिहून घातलेले असतात. चार ते सहा तासांनी पॅड बदला. वापरलेला पॅड अर्धा तास थंड पाण्यात भिजवा. गरम पाणी वापरू नका, त्याने डाग पक्का होतो. मग साबणाने चोळून, पाणी स्वच्छ येईपर्यंत खळबळा. कडक उन्हात पूर्ण वाळवा. पावसाळ्यात ऊन नसेल तर वाऱ्यावर वाळवून वरून इस्त्री फिरवा. दमट पॅड कपाटात ठेवू नका आणि एकीचा पॅड दुसरीने वापरू नका. एका मुलीला निदान सहा पॅड लागतात, कारण दोन वापरात, दोन धुण्यात आणि दोन वाळत असतात.

असे काम करणारा हा पहिला गट नव्हे. पुद्दुचेरीजवळच्या ऑरोविलमध्ये ‘इको फेम’ हा उपक्रम २०१० पासून खेड्यातल्या महिलांकडून कापडी पॅड शिवून घेतो. असा पॅड सुमारे ७५ वेळा धुता येतो असे तो सांगतो, म्हणजे काही वर्षे तो टिकतो. दिल्लीच्या ‘गूंज’ या संस्थेने त्याही आधीपासून शहरांतले जुने सुती कपडे गोळा करून, धुऊन, त्यांचे पॅड खेड्यांत पोहोचवले आहेत. तिचे संस्थापक अंशू गुप्ता यांना २०१५ मध्ये मॅगसेसे पुरस्कार मिळाला.

सरकारी योजना आहेत आणि त्यांचा उपयोगही झाला आहे. २०१८ च्या महिला दिनी सुरू झालेल्या अस्मिता योजनेत जिल्हा परिषद शाळेतल्या मुलींना ५ रुपयांत ८ पॅड मिळायचे होते. त्याच वर्षी पॅडवरचा जीएसटी काढला गेला. जनऔषधी केंद्रात ‘सुविधा’ पॅड १ रुपयाला मिळतो. पण केंद्र तालुक्याच्या गावी असते. डोंगरावरच्या वस्तीतून तिथे जायचे तर १ रुपयाच्या पॅडसाठी जाण्यायेण्याचे भाडे किती, हे आजीच्या जिवावर राहणाऱ्या मुलीला विचारावे. शिवाय वापरलेल्या पॅडचे करायचे काय? त्यातले प्लास्टिक कुजत नाही. जाळले तर धूर, फेकले तर कुत्री ओढतात. म्हणून त्या वस्तीत धुता येणारा पॅड हा केवळ स्वस्त पर्याय नाही. जिथे दुकान नाही आणि कचरागाडी नाही, तिथे तोच निभावतो.

आईविना आलेली पहिली पाळी

धारूरच्या पुढे डोंगरातल्या एका गावात आम्ही गटाबरोबर गेलो. गावाचे नाव लिहीत नाही. निम्म्या घरांना कुलपे होती. ओट्यांवर म्हातारी माणसे बसलेली. शाळेच्या एका खोलीत अकरा मुली जमल्या. त्यांत तीन मुस्लिम, बाकी इतर. सगळ्यांच्या आया फडावर.

खालांनी पॅड हातात घेऊन, तो उलगडून, बटण लावून दाखवला. मुली खाली पाहत होत्या. मग खालांनी विचारले, “तुमच्याकडे याला काय म्हणतात गं?” एक म्हणाली, अडचण. दुसरी म्हणाली, कावळा शिवला. मुस्लिम मुलींपैकी एक हळूच म्हणाली, “महिना.” प्रत्येक घरात शब्द वेगळा आणि प्रत्येक शब्द मूळ गोष्ट झाकणारा. मुली हसायला लागल्या आणि नंतर प्रश्न थांबेनात. पाळीत लोणच्याला हात लावला तर नासते का? पोहता येते का? दर महिन्याला येत नाही, मग काही बिघडले का?

त्यांतली एक सातवीतली मुलगी शेवटपर्यंत गप्प होती. बाकीच्या बाहेर गेल्यावर तिने सांगितले की तिला पहिल्यांदा पाळी आली ती आई निघून गेल्यावर आठ दिवसांनी. आपल्याला काहीतरी रोग झाला आणि आता आपण मरणार, असे तिला वाटले होते. आजीला सांगितले तर आजीने पोत्याचा तुकडा दिला आणि कोपऱ्यात बस म्हणाली. फोनवर आईला सांगायचे तर फोन मुकादमाच्या हातात असायचा. तीन आठवडे तिने कोणालाच काही विचारले नाही.

ती मुलगी आमच्या समाजाची नव्हती. पण आमच्या घरांतल्या मुली या भीतीतून सुटल्या आहेत, असे आम्ही म्हणू शकत नाही. रमजानमध्ये ज्या मुलीला रोजा माफ आहे ती स्वयंपाकघराच्या दाराआड पाणी पिते, भाऊ पाहील म्हणून. सहरीला उठून रोजा असल्याचे नाटक करते. अल्लाहने दिलेली सवलत घरातल्या माणसांपासून लपवावी लागते. ही लाज आपण धर्माच्या नावावर खपवतो, पण धर्मात ती कुठे आहे?

प्रेषित मुहम्मद (स.) यांच्या घरातला व्यवहार हदीसच्या ग्रंथांत स्पष्ट आलेला आहे. हजरत आयेशा (रजि.) पाळीत असताना प्रेषित (स.) त्यांच्या मांडीवर डोके टेकवून कुरआन पठण करीत. मशिदीतून चटई उचलून देण्यास त्यांनी सांगितले, तेव्हा हजरत आयेशा (रजि.) यांनी आपण पाळीत असल्याचे सांगितले. त्यावर, पाळी काही तुमच्या हातात नाही, अशा अर्थाने त्यांनी समजावले. नमाज आणि रोजा यांतून त्या दिवसांत सूट आहे, पण जेवणाच्या दस्तरख्वानवरून उठवणे, वेगळे बसवणे, भांड्याला हात लावू न देणे याला इस्लाममध्ये थारा नाही.

आणि कापडाबद्दल? कपड्याला पाळीचे रक्त लागले तर काय करावे, असे एका स्त्रीने विचारले, तेव्हा ते खरवडून, पाण्याने चोळून, धुऊन टाकावे आणि मग त्याच कपड्यात नमाज पढावी, असे प्रेषितांनी (स.) सांगितले. हजरत अस्मा (रजि.) यांच्याकडून ही हदीस आली आहे. हजरत उम्मे सलमा (रजि.) यांच्या हदीसमध्ये पाळीसाठी वेगळे ठेवलेल्या कपड्यांचा उल्लेख आहे. मदिनेतल्या स्त्रिया कापूस ठेवलेली डबी हजरत आयेशा (रजि.) यांच्याकडे पाठवून पाळी संपली की नाही याची खात्री करून घेत. म्हणजे त्या समाजात हा विषय बोलला जात होता, विचारला जात होता आणि त्याचे उत्तर मिळत होते. अन्सारी स्त्रियांची लाज दीनची समज मिळवण्याच्या आड आली नाही, म्हणून हजरत आयेशा (रजि.) यांनी त्यांची तारीफ केली आहे. आम्ही धारूरच्या खोलीत हे बोलत होतो तेव्हा खाला म्हणाल्या, “ये बात मेरे को चालीस साल पहले कोई बोलता तो अच्छा होता.”

फडावर

जानेवारीच्या सुट्टीत आम्ही दोघी पुन्हा गेलो, या वेळी गटाबरोबर कृष्णाकाठी. बार्शी, पंढरपूर, सांगोला, मिरज करत सांगलीकडे. बालाघाटाचा खडक संपतो आणि हिरवा ऊस सुरू होतो. दोन्ही बाजूंना नजर पोहोचेल तिथवर पाणी पिणारे पीक. एका कारखान्याच्या परिसरात मोकळ्या रानात कोप्या उभ्या होत्या. बांबू, चटई आणि वर प्लास्टिकचा कागद. आत उभे राहता येत नाही.

इथे नवरा-बायको मिळून ‘एक कोयता’ धरतात. मुकादमाकडून आधी उचल घेतलेली असते आणि हंगामभर ती फेडायची असते. पहाटे अंधारात कामाला लागायचे. पुरुष ऊस तोडतो, बाई पाला काढते, मोळी बांधते, डोक्यावर घेऊन फळीवरून गाडीत चढवते. एक दिवस गेली नाही तर खाडा धरला जातो. म्हणजे त्या दिवसाची मजुरी तर जातेच, वर दंड. पाळीच्या दिवशीही हाच हिशेब.

गटाने मुलींना दिलेलेच पॅड गेल्या हंगामात या बायांनाही दिले होते. चालले का, हे विचारायला आम्ही आलो होतो. एक पस्तिशीची बाई स्पष्ट बोलली. “पॅड चांगला हाय हो. पर हितं प्यायला पाणी मिळंना, धुवायला कुठून आणू? मोटार रातच्याला चालू व्हती. आन् वाळू कुठं घालू? समदीकडं गडीमाणसं.”

शहरात बसून कापडी पॅडची शिफारस करणाऱ्या प्रत्येकाने हे ऐकायला हवे. धुता येणारा पॅड पाणी, साबण, ऊन आणि थोडा आडोसा या चार गोष्टींवर चालतो. या चार नसतील तर तोच पॅड ओला राहतो, कुबट वास येतो आणि खाज, जखमा, संसर्ग होतो. गेल्या वर्षी दिलेल्या जाड पॅडपैकी काही बायांनी वापरणे सोडून दिले होते आणि खालांनी ते ऐकून घेतले. वादविवाद केला नाही. त्यांनी पिशवीतून नवा नमुना काढला.

या नमुन्यात पॅडचे दोन भाग वेगळे आहेत. बाहेरचा पातळ पट्टा, त्याला बटण आणि दोन्ही टोकांना पट्ट्या. त्यात घालायची घडी मात्र सुट्टी. उलगडली की ती साध्या रुमालासारखी चौकोनी दिसते. जाड थर नसल्यामुळे तांब्याभर पाण्यात निघते आणि दोन तासांच्या उन्हात वाळते. दोरीवर टाकली तर कोणालाही रुमालच वाटतो. दिवसभर बदलायला म्हणून एका पट्ट्याबरोबर आठ घड्या आणि वापरलेल्या घड्या ठेवायला झाकणाची छोटी बादली. ती पस्तिशीची बाई घडी उलटसुलट करून पाहत राहिली आणि म्हणाली, “ह्यो जमंल.” मग शेजारच्या कोपीतल्या बाईला हाक मारली.

बोलता बोलता कळले की बसलेल्या सात बायांपैकी दोघींची गर्भपिशवी काढलेली होती. दोघीही चाळिशीच्या आतल्या. अंगावरून पांढरे जायचे, पोट दुखायचे, दवाखान्यात गेल्यावर पिशवी काढून टाका असे सांगण्यात आले. काढली म्हणजे पाळीची कटकटच गेली आणि खाडाही गेला, असे त्यांनाही वाटले. आता कंबर धरते, अंगातून वाफा निघतात, मोळी उचलवत नाही.

ही दोन बायांची गोष्ट नाही. २०१९ मध्ये हा प्रश्न राज्यभर गाजला. विधान परिषदेच्या उपसभापती नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली गेली. बीड जिल्ह्यातल्या ८२ हजारांहून अधिक ऊसतोड महिलांच्या पाहणीत १३ हजारांहून अधिक जणींची गर्भपिशवी काढलेली आढळली. त्यानंतर जिल्ह्यातल्या खासगी दवाखान्यांना अशी शस्त्रक्रिया करण्याआधी जिल्हा शल्यचिकित्सकांची परवानगी घेणे बंधनकारक झाले. कारणे अनेक होती. उचल, खाडा, कमी वयातली लग्ने, अपुरी माहिती, काही ठिकाणी वैद्यकीय व्यवसायातला लोभही. कापडी पॅडने हे सगळे सुटेल असे कोणी समजू नये. पण अस्वच्छ, ओल्या कापडामुळे होणारा त्रास वेळीच थांबला आणि अंगावरून जाणे हा औषधाने बरा होऊ शकणारा आजार आहे, हे कोणी सांगितले, तर दवाखान्याच्या त्या पायरीपर्यंत जाण्याची वेळ कमीजणींवर येईल. खाला प्रत्येक कोपीत एकच वाक्य बोलत होत्या: पिशवी काढायला सांगितले तर आधी सरकारी दवाखान्यात दुसऱ्या डॉक्टरला दाखव, मग ठरव.

बायांच्या मागण्याही साध्या होत्या. कोप्यांजवळ पाण्याची एक टाकी. चार बांबू आणि ताडपत्री लावून केलेली न्हाणी. पाळीच्या दिवशी मोळी वाहण्याऐवजी पाला काढण्याचे हलके काम. यातली न्हाणी गटाने आणि टोळीतल्या पुरुषांनी मिळून त्याच संध्याकाळी उभी केली. बांबू तिथेच होते, ताडपत्री गटाने आणली होती. पाण्याच्या टाकीसाठी कारखान्याच्या शेतकी अधिकाऱ्यांना लेखी अर्ज दिला. अर्ज आम्ही लिहिला आणि खाली सगळ्यांचे अंगठे आणि सह्या घेतल्या.

त्या सातवीतल्या मुलीची आई याच कोप्यांत होती. तिला सापडवून आम्ही मुलीचा निरोप दिला. गटाने सहा पॅड दिले आहेत, वापरायला जमते, शाळा बुडत नाही. आई बराच वेळ काही बोलली नाही. वाढ्यांची पेंढी विकून आलेले पन्नास रुपये तिने पदरातून सोडले आणि मुलीला साबणासाठी द्या म्हणून आमच्या हातात ठेवले.

आपल्याला काय करता येईल

आमच्या शाळेत आता मुलींच्या स्वच्छतागृहाजवळच्या कपाटात पॅड ठेवलेले असतात आणि शिवणाच्या तासाला आठवीच्या मुली ते शिवायला शिकतात. मुलींच्या आयांना आधी बोलावून सांगितले, दोन वडिलांनीही येऊन ऐकले. विरोध झाला नाही. उलट एका आजोबांनी दुकानातला फलालीनचा अर्धा ठाण पाठवून दिला.

वाचकांच्या घरी हे करायचे असेल तर सुरुवात कपाटापासून करावी. मऊ झालेल्या सुती चादरी, सुती ओढण्या, टर्किश टॉवेल धुऊन, वाळवून वेगळे काढावेत. पॉलिस्टर देऊ नये. आपल्या गावात शिवण येणाऱ्या चार बायका असतील तर एक फर्मा, बटण दाबायचे यंत्र आणि लेपाचे थोडे कापड एवढ्यावर काम सुरू होते. सदक्याच्या रकमेतून एखाद्या विधवा भगिनीला शिलाई मशीन घेऊन दिली तर तिलाही रोजगार मिळतो आणि मुलींनाही पॅड. आणि घरातल्या कर्त्या पुरुषांनी रमजानमध्ये एवढे जरूर करावे, ज्या मुलीला रोजा नाही तिला दस्तरख्वानवर सन्मानाने जेवू द्यावे.

धारूरचा गट आता पुढच्या हंगामाचे कापड बेततो आहे. दिवाळी झाली की टोळ्या निघतात. त्याआधी प्रत्येक कोयत्यामागे एक पट्टा, आठ घड्या आणि झाकणाची एक बादली तयार हवी, असा त्यांचा हिशेब आहे. सगळ्यांना पुरेल एवढे कापड अजून जमलेले नाही. आम्ही निघालो तेव्हा खाला ते मोजतच होत्या.